स्वच्छ दिसणे आणि निर्जंतुक असणे

(संस्थेच्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेने निमंत्रण दिले तेव्हा आम्हाला आरोग्याविषयी चार शब्द बोलावयास सांगितले. आहार, व्यसनमुक्ती, मधुमेह यांवर बोलणारे जाणकार पुष्कळ आहेत. आमच्या नोकरीची वर्षे मात्र शस्त्रक्रियागृहाच्या मागच्या खोलीत गेली. एका रुग्णावर वापरलेली हत्यारे धुऊन, उकळून, वाफवून दुसऱ्या रुग्णासाठी तयार करणे हे त्या खोलीचे काम. रुग्णाला ती खोली कधी दिसत नाही. नातेवाइकांना ती आहे हे ठाऊकही नसते. तरीही रुग्ण बरा होऊन घरी जाणार की नवाच आजार घेऊन जाणार, हे पुष्कळदा त्या खोलीत ठरते. म्हणून आज आम्ही तिच्याविषयीच बोलणार आहोत.

प्रथम एक जुनी हकिगत सांगतो. मुंबईतील परळची हाफकिन संस्था आपणा सर्वांस माहीत आहे. डॉ. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती सर्वप्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. पुढे ही लस देशभर जाऊ लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ लोकांना लस टोचली गेली. त्यांपैकी १९ जणांना काही दिवसांत धनुर्वात झाला आणि ते सर्वच्या सर्व दगावले. या सर्वांना एकाच बाटलीतून लस दिली गेली होती.

ठपका कोणावर आला? मुंबईच्या प्रयोगशाळेवर आणि डॉ. हाफकिन यांच्यावर. लस तयार करतानाच तीत दोष राहिला, असे मानले गेले आणि त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. पुढे चौकशीच्या कागदपत्रांतून एक लहानशी गोष्ट उजेडात आली. बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा त्या दिवशी मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. त्याने तो उचलला, कार्बोलिकच्या पाण्यात हलवला आणि त्यानेच बूच काढले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. बाकीच्या बाटल्यांतून लस घेतलेल्यांना काही झाले नव्हते. डॉ. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी हा प्रश्न लावून धरला आणि १९०७ साली डॉ. हाफकिन दोषमुक्त झाले. १९२५ साली परळच्या संस्थेला त्यांचे नाव दिले गेले. पण गेलेली १९ माणसे परत आली नाहीत.

या हकिगतीतून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या. पहिली ही की, तो चिमटा डोळ्यांना स्वच्छच दिसत असणार. औषधाच्या पाण्यात बुचकळल्यावर तर अधिकच. परंतु स्वच्छ दिसणे वेगळे आणि निर्जंतुक असणे वेगळे. दुसरी ही की, चूक जिथे झाली तिकडे लवकर कोणी पाहिले नाही. मोठ्या माणसांच्या नावांत आणि अहवालांत तो चिमटा हरवून गेला. आजही रुग्णालयात जंतुसंसर्ग झाला म्हणजे डॉक्टरचे काय चुकले, औषध बनावट होते काय, याची चर्चा होते. हत्यार कसे धुतले गेले, हे विचारणारा क्वचितच भेटतो.

आता आमचाच एक अनुभव सांगतो. यात आमचीही चूक होती, म्हणून सांगणे भाग आहे.

एका मोठ्या रुग्णालयात आमची नेमणूक होती. एके दिवशी सकाळी रुग्ण टेबलावर, भूल दिलेली, आणि सिस्टरांनी हत्यारांचा ट्रे उघडला. रक्तवाहिनी पकडण्याचा एक चिमटा त्यांनी पूर्ण उघडून पाहिला, तर सांध्यात वाळलेले रक्त. ट्रे ऑटोक्लेव्हमधून निघालेला, वर लावलेल्या टेपवर काळ्या रेघा उमटलेल्या, रजिस्टरात आमची सही. सिस्टरांनी तो संपूर्ण ट्रे बाजूला केला आणि दुसरा मागवला. शस्त्रक्रिया उशिरा सुरू झाली. मोठे डॉक्टर रागावले आणि धुण्याच्या खोलीतल्या मामांना सर्वांदेखत बोल ऐकावे लागले. आम्ही तेथेच उभे होतो. त्या वेळी आम्ही काही बोललो नाही.

नंतर मामांकडे बसून विचारले तेव्हा कळले. त्या दिवशी ट्रेंची नुसती रांग लागलेली होती. नळाला पाणी दोनच तास. सांध्यात जाईल असा लहान ब्रश मागूनही मिळालेला नव्हता. आदल्या संध्याकाळची हत्यारे रात्रभर कोरडी पडून होती आणि रक्त सिमेंटासारखे घट्ट झाले होते. आणि आम्ही? आम्ही एकही हत्यार उघडून न पाहता सही केली होती. बंधूंनो, दोष एकट्या मामांचा नव्हता. ब्रश न देणाऱ्याचा होता, पाण्याची सोय न करणाऱ्याचा होता आणि न पाहता सही करणाऱ्या आमचाही होता. त्या दिवसापासून प्रत्येक कात्री आणि प्रत्येक चिमटा उघडून पाहिल्याशिवाय आम्ही सही केली नाही. सिस्टरांनी तो चिमटा उघडला नसता तर काय झाले असते, हा विचार आजही मनातून जात नाही.

विद्यार्थी मित्र विचारतील, ऑटोक्लेव्हमध्ये ठेवल्यावर वाळलेल्या रक्तातले जंतू मरणार नाहीत काय? याचे उत्तर नीट समजून घ्यावे. वाफ ज्या पृष्ठभागाला प्रत्यक्ष स्पर्श करते तेथील जंतू मरतात. रक्ताचा, चरबीचा, पुवाचा थर असेल तर तो जंतूंवर पांघरुणासारखा असतो. वाफ किंवा औषध त्याखाली नीट पोहोचत नाही. काही जंतू तर स्वतःभोवती चिकट थर करून घट्ट बसतात. म्हणून या कामाचा पहिला नियम असा की, धुतल्याशिवाय निर्जंतुकीकरण नाही. धुणे कच्चे राहिले तर पुढचे कितीही महागडे यंत्र त्याची भरपाई करू शकत नाही.

धुणे म्हणजे नळाखाली धरणे नव्हे. वापर संपताच हत्यार ओले ठेवावयाचे, वाळू द्यावयाचे नाही. सलाईनच्या पाण्यात भिजत टाकावयाचे नाही, कारण मिठाने पोलादावर खड्डे पडतात आणि त्या खड्ड्यांत घाण बसते. ज्याचे भाग सुटे होतात ते सर्व सुटे करावयाचे. सांधे उघडावयाचे. नळीसारखे पोकळ असेल तर त्या मापाचा ब्रश आरपार गेला पाहिजे. तारेच्या घासणीने घासू नये, कारण तिचे ओरखडेही जंतूंना आसरा देतात. रक्त-प्रथिने विरघळवणारे योग्य द्रावण वापरावे. नंतर चांगल्या पाण्याने खळबळून, कोरडे करून, उजेडात, शक्यतो भिंगातून तपासावे. त्यानंतरच ते पुडक्यात बांधावे.

मग वाफेचा क्रम येतो. पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांचे सहकारी चार्ल्स शांबेरलां यांनी १८७९ साली दाबाच्या वाफेचे यंत्र तयार केले, तोच आपला ऑटोक्लेव्ह. घरचा प्रेशर कुकर त्याचाच भाऊबंद समजा. साध्या उकळत्या पाण्याचे तापमान १०० अंशांच्या वर जात नाही आणि धनुर्वाताच्या जंतूचे कवचधारी रूप, ज्याला बीजाणू म्हणतात, ते उकळण्याला दाद देईलच असे नाही. दाब वाढवला की वाफ १२१ अंशांपर्यंत तापते. साध्या ऑटोक्लेव्हमध्ये बांधलेल्या पुडक्याला या तापमानात साधारण ३० मिनिटे ठेवतात. आधी हवा ओढून घेणाऱ्या यंत्रात १३२ अंशांवर ४ मिनिटे पुरतात. परंतु आत हवा अडकली किंवा पुडकी एकमेकांवर दाबून कोंबली, तर काटा १२१ दाखवतो आणि मधल्या पुडक्यात मात्र वाफ शिरतच नाही.

आमच्या सहीच्या त्या ट्रेवरची टेप काळी झाली होती, हे आपल्या स्मरणात असेल. टेप एवढेच सांगते की पुडके तापले. आत काय झाले हे ती सांगत नाही. त्यासाठी पुडक्याच्या आत वेगळी पट्टी ठेवतात आणि ठरलेल्या दिवशी उष्णतेला सर्वांत चिवट असे निरुपद्रवी बीजाणू यंत्रात घालून ते मेले की नाही हे तपासतात. चिवट बीजाणू मेले तर बाकीचे मेले असे मानता येते. प्रत्येक फेरीची तारीख, वेळ, तापमान आणि ट्रेचा क्रमांक लिहून ठेवला तर पुढे काही बिघडल्यास कोणत्या रुग्णांना बोलावून तपासावयाचे हे कळते. मुलकोवालच्या बाटलीला क्रमांक होता म्हणूनच १९ जणांचा एका बाटलीशी संबंध लावता आला. नोंदवहीला कंटाळवाणे काम समजू नये.

प्रत्येक साधन वाफेत घालावे लागते असेही नाही. अर्ल स्पॉल्डिंग या अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने साधनांचे तीन गट केले, ते आजही जगभर मानले जातात. जे रक्तात किंवा शरीराच्या आतल्या भागात जाते, उदाहरणार्थ सुरी, सुई, चिमटा, ते संपूर्ण निर्जंतुक हवे. जे तोंड, घसा, आतडे यांच्या ओलसर त्वचेला लागते, उदाहरणार्थ तपासणीची दुर्बीण, त्याला निदान उच्च दर्जाचे जंतुनाशन हवे. जे फक्त धड त्वचेला लागते, उदाहरणार्थ रक्तदाबाचा पट्टा, त्याला नीट पुसणे-धुणे पुरते.

दुर्बिणीच्या नाजूक साधनांना वाफ सोसत नाही, म्हणून ती औषधात बुडवतात. २ टक्के ग्लुटाराल्डिहाइड हे त्यांतले परिचित औषध. त्यात २० मिनिटे ठेवले की बहुतेक जंतू मरतात, पण बीजाणू मारावयास सुमारे १० तास लागतात. इथे घाई नडते. एक शस्त्रक्रिया संपून दुसरी सुरू होण्याच्या मधल्या वेळात साधन कसेबसे बुडवून काढले जाते.

बुडवल्यानंतरही धोका असतो. आपल्याच देशातील एका रुग्णालयाचा अनुभव २००६ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दुर्बिणीची शस्त्रक्रिया झालेल्या ३५ रुग्णांच्या पोटावरच्या छिद्रांत सहा आठवड्यांच्या अवधीत संसर्ग आढळला. जंतू क्षयाच्या जंतूच्या कुळातला, पाण्यात राहणारा. शोध घेता कळले की, साधने औषधातून काढल्यावर ज्या पाण्याने धूत होते ते पाणीच दूषित होते. म्हणजे एका भांड्यात जंतू मारावयाचे आणि दुसऱ्या भांड्यात पुन्हा लावावयाचे. अशा जखमा काही आठवड्यांनी गाठी येऊन वाहू लागतात, नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत आणि उपचार महिनोन् महिने चालतात. रोजंदारीवर पोट असलेल्या माणसाला हे महिने किती जड जातात, ते आपणांस सांगावयास नको.

श्रीमंत देशांत असे होत नाही, असे कोणी समजू नये. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या एका विख्यात विद्यापीठ रुग्णालयात २०१५ साली पित्तनलिकेच्या दुर्बिणीतून औषधांना न जुमानणारे जंतू पसरले. सात रुग्णांना संसर्ग झाला, दोघे दगावले आणि १७९ जणांना तपासणीसाठी कळवावे लागले. त्या दुर्बिणीच्या टोकाशी एक बारीक हलती पट्टी असते. तिच्या फटीत घाण राहत होती आणि ठरलेल्या पद्धतीने धुऊनही निघत नव्हती. म्हणजे साधन तयार करणाऱ्यानेही ते धुता येईल असे करावयास हवे.

आता सुईविषयी. आपल्यातील वडीलधाऱ्यांना काचेची सिरिंज आणि स्पिरिटच्या दिव्यावरचे उकळते भांडे आठवत असेल. इजिप्त देशात नाईल नदीकाठच्या शेतकऱ्यांना कृमींपासून होणारा एक रोग होता. त्यावर १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत सरकारने गावोगाव इंजेक्शनांची मोहीम चालवली. हेतू चांगला, पण काचेच्या सिरिंज त्याच त्याच, रांग मोठी आणि उकळण्याला वेळ अपुरा. कृमिरोग कमी झाला, पण हिपॅटायटिस सी हा यकृताचा रोग घरोघर पोहोचला. जगात तो ज्या देशांत सर्वाधिक, त्यांत इजिप्तची गणना होऊ लागली. हे निस्तरावयास त्या देशाला २०१८ पासून कोट्यवधी लोकांची रक्ततपासणी करावी लागली.

त्यानंतर एकदाच वापरून टाकण्याची सिरिंज आली, पण माणसाच्या लोभाने तीही पुन्हा पुन्हा वापरली. शेजारच्या गुजरातेत मोडासा येथे २००९ साली हिपॅटायटिस बी ची साथ आली आणि अनेक माणसे दगावली. वापरलेल्या सुया-सिरिंज पुन्हा वापरल्याचे त्यात आढळले. आपल्या देशात सरकारी लसीकरणात २००५ पासून आपोआप निकामी होणारी सिरिंज आली आणि बाळांच्या लसीकरणातील हा धोका पुष्कळ कमी झाला. तेव्हा हे संकट टाळता येते, याचा पुरावाही आपल्याजवळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार श्रीमंत देशांच्या रुग्णालयांत दर १०० रुग्णांमागे ७ जणांना आणि गरीब व मध्यम देशांत १५ जणांना रुग्णालयात असताना संसर्ग होतो. हे सर्वच हत्यारांमुळे होत नाही, हातांमुळेही होते. पण ७ आणि १५ मधले अंतर नशिबाचे नसून व्यवस्थेचे आहे.

आता ज्यासाठी आम्ही हा विषय मुद्दाम निवडला, त्याकडे येतो. धुण्याच्या खोलीत काम करणारे हात कोणाचे असतात? पुष्कळदा आपल्याच वस्त्यांतल्या माणसांचे. आमच्या पाहण्यात तर बहुतेक तसेच. हे काम घाणीचे म्हणून ते खालचे, आणि करणाराही खालचा, ही जुनी समजूत रुग्णालयाच्या पायऱ्या चढूनही आत आलेली आहे. पुष्कळ ठिकाणी हे काम कंत्राटावर दिले जाते. शिकवणारा कोणी नसतो. हातात जाड मोजे नसतात, डोळ्यांना चष्मा नसतो, आणि ट्रेमध्ये विसरलेली सुई बोटात घुसली तर कोणाला सांगावयाचे हेही माहीत नसते. कावीळ बी ची लस तीन मात्रांत मिळते, पहिली, महिन्याने दुसरी आणि सहा महिन्यांनी तिसरी. ती या कामगाराला नोकरीच्या आरंभीच मिळाली पाहिजे. सुई टोचली तर हात साबण-पाण्याने धुऊन ताबडतोब, त्याच दिवशी, डॉक्टरांना कळवावे. एच.आय.व्ही. प्रतिबंधक गोळ्या जितक्या लवकर, तितक्या उपयोगी. ७२ तासांनंतर त्या देत नाहीत. हे लपवू नये. लपवण्याचे कारण भीती असते, म्हणून ती भीती काढून टाकणे हे वरिष्ठांचे काम आहे.

आमचे म्हणणे एवढेच की, हे काम हमालीचे नाही, शास्त्राचे आहे. तापमान, दाब, द्रावणाची तीव्रता, जंतूंचा स्वभाव हे सर्व ज्याला समजावे लागते तो तंत्रज्ञ आहे. त्याला शिक्षण, साधने आणि मान मिळाला तर रुग्ण सुरक्षित राहील. आमच्या मामांना वेळीच एक ब्रश मिळाला असता तर ते रक्त राहिले नसते, आणि सर्वांदेखत झालेली ती मानहानीही झाली नसती. पुढे ब्रश आले. मामांनीच नव्या मुलांना सांधे कसे उघडावयाचे ते शिकवले. त्यांच्या हातचा ट्रे परत आल्याचे आम्हास पुन्हा आठवत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, शस्त्रक्रियागृह आणि निर्जंतुकीकरण विभागाचे तंत्रज्ञ होण्याचे अभ्यासक्रम आहेत. डॉक्टर किंवा परिचारिका होणे सर्वांना जमेल असे नाही, पण ही वाट शास्त्राची आणि सन्मानाची आहे. तिचा जरूर विचार करावा.

आणि आपण सर्वजण नागरिक म्हणून काय करू शकतो? विचारू शकतो. इंजेक्शन घेताना सिरिंजचे पाकीट आपल्यासमोर फोडावयास सांगावे. दाताच्या दवाखान्यात हत्यारे बंद पाकिटातून निघतात काय, हे पाहावे. दुर्बिणीची तपासणी असेल तर आधीच्या रुग्णानंतर ती कशी व किती वेळ स्वच्छ करतात, हे शांतपणे विचारावे. शस्त्रक्रियेनंतर टाके सुकल्यावर काही आठवड्यांनी गाठ आली किंवा पाणी येऊ लागले तर ते अंगावर काढू नये, जिथे शस्त्रक्रिया झाली तिथे दाखवून नोंद करावयास लावावी. केशकर्तनालयात नवे पाते मागावे. जत्रेत गोंदवून घेण्याचा मोह मुलांनी टाळावा, तिथे एकच सुई किती जणांच्या अंगाला लागली हे कोणी मोजत नाही. घरात साखर तपासण्याची टोचणी एकाची दुसऱ्याने वापरू नये.

विचारताना आवाज चढवू नये. समोरची सिस्टर किंवा वॉर्डबॉय आपल्यासारखाच राबणारा माणूस आहे. पण संकोचही करू नये. गरिबाने मोफत दवाखान्यात प्रश्न विचारू नये, असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. प्रामाणिकपणे काम करणाऱ्या रुग्णालयाला अशा प्रश्नाचा राग येत नाही, उलट मागच्या खोलीसाठी ब्रश आणि पाणी मागताना त्या प्रश्नाचा आधारच होतो.

संस्थेला आमची एक नम्र सूचना आहे. आपले कार्यकर्ते रक्तदान शिबिरे, आरोग्य शिबिरे भरवतात. त्या शिबिरांत वापरलेल्या सुया कोठे जातात, साधने कोण धुतो, याची जबाबदारी एका माणसावर नावानिशी सोपवावी आणि त्याची वही ठेवावी. आणि आपल्या वस्तीतले जे बंधू-भगिनी रुग्णालयांत हे काम करतात, त्यांना वर्षातून एकदा या व्यासपीठावर बोलवावे. सत्कारासाठी बोलवा, पण त्यांना बोलूही द्या. आम्ही जे सांगितले त्याहून अधिक त्यांना ठाऊक आहे.

 जय भीम.